रीसलिंग, बेदाणा आणि सोनाका : द्राक्षांच्या नावांविषयी

ताडकळसचा आमचा एक जुना विद्यार्थी दर हंगामात नाशिककडे द्राक्षबागांच्या छाटणीला जातो. मराठी विषय घेऊन तो बी. ए. झाला, नोकरी मिळाली नाही आणि घरच्या कोरडवाहू जमिनीत वर्षाचे भागत नाही, म्हणून हा मार्ग त्याने धरला. मागच्या हंगामात एके रात्री त्याचा दूरध्वनी आला. "सर, इथं वाइनच्या बाटलीवर एका पांढऱ्या द्राक्षाचं नाव छापलंय. कुणी रायसलिंग म्हणतंय, कुणी रिझलिंग. मालक म्हणले जर्मन नाव हाय. पर अर्थ काय त्याचा? तुम्ही व्युत्पत्ती शिकवायचे ना आम्हाला?"

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाचा विषय भाषाविज्ञान, दुसऱ्याचा मध्ययुगीन वाङ्मय. द्राक्षांशी आमचा संबंध प्रसादाच्या ताटातल्या बेदाण्यापुरताच. तरीही विद्यार्थ्याने व्युत्पत्तीचे नाव काढल्यावर "पाहून सांगतो" म्हणणे भाग होते. पाहता पाहता महिना गेला, आणि एका जर्मन शब्दाचा शोध अखेरीस सोलापूर-तासगावच्या मांडवाखाली येऊन थांबला. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ त्याच्या गावापासूनच करू. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले ताडकळस हे नाव सहज फुटते : ताड आणि कळस. दोन्ही शब्द लहान मुलालाही कळतात. पण ताडाचा आणि कळसाचा संयोग याच गावी का झाला, हे ते नाव सांगत नाही. शब्दाचा अर्थ ही एक गोष्ट आणि नाव पडण्याचे कारण ही दुसरी. कोशात पहिली सापडते. दुसरीसाठी इतिहास लागतो आणि तो बहुधा कुणी लिहून ठेवलेला नसतो. द्राक्षाच्या नावांच्या बाबतीत हा फरक पावलोपावली आड येतो, म्हणून तो आधीच नोंदवून ठेवला.

द्राक्षाच्या नावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ज्वारीचे वा हरभऱ्याचे बी पेरले की आईबापांसारखेच पीक येते. द्राक्षाचे बी पेरले तर उगवणारी वेल आईसारखी निघेलच असे नाही. मण्याचा आकार, रंग, गोडी सारेच बदलू शकते. म्हणून द्राक्ष काडीने वाढवतात. चांगल्या वेलीची काडी तोडायची, ती लावायची अथवा खुंटावर तिचे कलम करायचे. आपल्याकडे आज डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात, तरी वरची काडी मूळ वेलीचीच असते. याचा अर्थ असा, की एका वाणाच्या लाखो वेली वस्तुतः एकाच वेलीचा विस्तार असतात. 'आंबा' हे जातीचे नाव आहे; 'रीसलिंग' हे मात्र एका व्यक्तीच्या नावासारखे नाव आहे. ती व्यक्ती पाचशेहून अधिक वर्षे जगते आहे आणि एकाच वेळी अनेक देशांत उभी आहे. काडीसोबत जाणारे नाव हेच तिचे ओळखपत्र. ते हरवले, तर ती कोण हे तिच्याकडे नुसते पाहून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

आता त्या जर्मन नावाकडे वळू. शुद्ध उच्चार 'रीसलिंग' : री दीर्घ, पुढे स. या नावाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १३ मार्च १४३५ ची आहे आणि ती कुठल्या काव्यात वा शास्त्रग्रंथात नसून हिशेबात आहे. र्‍हाईन आणि माइन नद्यांच्या संगमाजवळच्या र्‍युसेल्सहाइम गावी काट्सेनएलेनबोगेन घराण्याच्या सरदाराची बाग होती. त्या बागेत लावण्यासाठी रीसलिंगच्या वेली घेतल्या, त्याचे २२ शिलिंग खर्ची पडले, इतकाच तो मजकूर. आपल्याकडे पेशवे दप्तरातल्या एखाद्या खर्चाच्या यादीत भाजीचे नाव सापडावे आणि त्या भाजीचा इतिहास तेथून सुरू व्हावा, तसाच हा प्रकार. पुढे १५५२ मध्ये हिएरोनिमुस बोक या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लॅटिन ग्रंथात आजच्याच वर्णलेखनात ते नाव येते. कारकुनाने नोंद केली तेव्हा नाव रूढ झालेलेच होते. ते कुणी आणि का ठेवले हे सांगण्याची गरज त्याला भासली नाही.

अर्थाविषयी अभ्यासकांनी तर्क पुष्कळ केले आहेत. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड झाली तर फुले गळतात आणि घडात मणी नीट धरत नाहीत. या गळीसाठी जर्मन बागाईतदारांचा एक शब्द आहे, 'फेररीझेल्न'. त्यावरून गळ होणारी ती रीसलिंग, असा एक तर्क. फाटणे या अर्थाच्या 'रायसन' या क्रियापदाकडे दुसरा तर्क बोट दाखवतो. तिसरा डहाळीवाचक 'राइस' शब्दाकडे वळतो, तर चौथा वेलीच्या काळपट सालीकडे. यांपैकी एकही निर्विवाद मान्य झालेला नाही. ज्या द्राक्षाच्या जोरावर जर्मनीने पांढऱ्या वाइनमध्ये कीर्ती मिळवली, त्याच्या नावाचा अर्थ जर्मनांनाही ठामपणे सांगता येत नाही.

नाव बोलले नाही, पण वेलीचा वंश मात्र बोलू लागला. १९९० च्या दशकात द्राक्षांच्या जनुकीय तपासण्या सुरू झाल्या. त्यांतून दिसले, की रीसलिंगचे एक जनक ट्रामिनर आणि रानवेल यांच्या संकराचे अपत्य होते, आणि दुसरे होते 'हॉयनिश' नावाचे द्राक्ष, ज्याला फ्रेंचांत 'ग्वे' म्हणतात. मध्ययुगात जर्मन प्रदेशात द्राक्षांचे दोन वर्ग मानत : 'फ्रँकिश' म्हणजे फ्रँक लोकांची, उत्तम, आणि 'हॉयनिश', म्हणजे पूर्वेकडची, हूणांची अशी समजूत असलेली, हलक्या प्रतीची. बिंगेनच्या हिल्डेगार्ड या विदुषीच्या बाराव्या शतकातल्या लेखनातही हा भेद दिसतो. हॉयनिश उदंड पिके, आंबटढाण रस देई, आणि तो सामान्यांच्या वाट्याला येई. तिला हीन ठरवून काही ठिकाणी लावण्यास मनाईही झाली. आणि तीच वेल रीसलिंगची जन्मदात्री निघाली. एवढेच नव्हे, तर फ्रान्सच्या सुविख्यात शार्दोनेचीही. आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला यावर अधिक भाष्याची गरज नसावी.

आणखी दोन जर्मन पांढऱ्या द्राक्षांची उदाहरणे पाहण्याजोगी आहेत, कारण नाव खरे बोलते की खोटे, हा प्रश्न तेथे उघडाच पडतो. सिल्व्हानर या नावातून लॅटिन 'सिल्व्हा', म्हणजे अरण्य, अथवा ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रांत सुचतो. पण १६५९ मध्ये फ्रांकोनियातल्या कास्टेल गावी या वेली प्रथम लावल्या, तेव्हा कागदावर त्यांचे नाव होते 'ओस्टरराइशर' : ऑस्ट्रियातून आलेल्या. पुढे भारदस्त नाव रूढ झाले आणि हे साधे नाव मागे पडले. जनुकीय तपासणीने मात्र साध्या नावाची बाजू घेतली. सिल्व्हानर हे ट्रामिनर आणि एका जुन्या ऑस्ट्रियन द्राक्षाचे अपत्य ठरले. काड्या विकत घेणाऱ्यांनी सहज ठेवलेले नाव पंडितांच्या लॅटिनपेक्षा विश्वासार्ह निघाले.

याउलट म्युलर-थुरगाउची गोष्ट. स्वित्झर्लंडच्या थुरगाउ प्रांतातले हेर्मान म्युलर यांनी १८८२ मध्ये जर्मनीतल्या गायझेनहाइमच्या संस्थेत हा संकर केला. ते रीसलिंग आणि सिल्व्हानर यांचे अपत्य मानले गेले आणि दोन्ही नावे जोडून त्याला 'रिव्हानर' असेही नाव मिळाले. शतकभराने तपासणी झाली तेव्हा कळले, की सिल्व्हानरचा येथे संबंधच नाही. दुसरे जनक आहे मादलेन रोयाल नावाचे द्राक्ष. तरी 'रिव्हानर' हे नाव बाटल्यांवर टिकून आहे. चुकीचे नाव एकदा बाजारात स्थिरावले, की शास्त्राला ते हलवता येत नाही.

इथवर आल्यावर आम्हांला वाटले, हे सारे परक्यांचे झाले. आपल्या भाषेत द्राक्षाला नावे कशी पडली? आणि येथे ओशाळावे अशी पाळी आली. जर्मन शब्दाचा अर्थ शोधायला महिनाभर ग्रंथ चाळणारे आम्ही, रोजच्या तोंडातल्या मराठी शब्दांकडे कधी पाहिलेच नव्हते.

द्राक्षाच्या मद्याला मूळ प्रदेशावरून नाव देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे, आणि त्याचे प्रकार ते ज्या देशचे त्या देशावरून ओळखावेत असे सांगून कापिशायन आणि हारहूरक ही दोन नावे दिली आहेत. कापिशायन म्हणजे कापिशीचे. ही नगरी काबूलच्या उत्तरेस, आजच्या बेग्रामच्या परिसरात होती. पाणिनीने तर हा शब्द साधण्यासाठी स्वतंत्र सूत्रच दिले. नाशिकची द्राक्षे आणि नाशिकची वाइन यांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनामागचे तत्त्व इतके जुने आहे.

दक्षिणेतही द्राक्ष जुनेच. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने नोंदवले. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणूनच आजही आपला बागाईतदार वर्षातून दोनदा छाटतो, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. आमचा विद्यार्थी ज्या कामाला जातो, त्याचे मूळ या हवामानातच आहे.

नावे मात्र वायव्येकडून, फारसीच्या वाटेने आली. 'बेदाणा' घ्या. 'बे' म्हणजे विना, 'दाना' म्हणजे बी. बेदाणा म्हणजे बिनबियांचा. मराठवाड्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात हा शब्द दिवसातून दहादा उच्चारला जातो आणि एकाच्याही मनात 'बिनबियांचा' हा अर्थ येत नाही. त्याहून गंमत 'मनुका' शब्दाची. त्याचे घराणे अरबी-फारसी 'मुनक्का' शब्दाचे, ज्याचा मूळ अर्थ स्वच्छ केलेला. हकिमांच्या बटव्यात बिया काढून साफ केलेले सुके द्राक्ष ते मुनक्का. प्रवासात शब्द राहिला, साफ करणे विसरले गेले, आणि आज मुनक्का म्हटले की नेमके बियांचे, मोठे, काळसर सुके द्राक्ष समोर येते. एका शब्दाचा अर्थ झाकला गेला, दुसऱ्याचा चक्क उलटला.

ताडकळस १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी आपल्या घरच्या बागेत एक मोठ्या मण्यांचे द्राक्ष लावले, ते 'अनाब-ए-शाही'. अरबीत 'इनब' म्हणजे द्राक्ष. राजेशाही द्राक्ष असा त्याचा अर्थ. पुढे कितीतरी वर्षे दख्खनच्या बाजारात हे सबीज द्राक्ष मोठ्या प्रमाणावर विकले गेले. त्याच्या शेजारी जुनी देशी नावे उभी होती : भोकरी, फकडी. दरबाराने दिलेले नाव आणि बागवानाने दिलेले नाव यांतला फरक कान लावला की ऐकू येतो.

यानंतर आली बिनबियांची थॉम्पसन. तिच्या नावाची कथा म्हणजे नाव हरवण्याची कथा आहे. इराण-मध्य आशियात ही वेल 'किशमिश' म्हणून, तुर्कस्तानात 'सुलतानिना' म्हणून शतकानुशतके ओळखीची होती. १८७२ मध्ये विल्यम थॉम्पसन या कॅलिफोर्नियातल्या इंग्रज बागाईतदाराने न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून तिच्या काड्या मागवल्या. तोवर तिचे नाव 'लेडी डी कव्हर्ली' असे झालेले होते. थॉम्पसनच्या बागेत फळ धरले, प्रदर्शनात गाजले, आणि ते 'थॉम्पसन सीडलेस' झाले. ज्याने ती घडवली नाही, शोधली नाही, केवळ विकत घेतली, त्याचे नाव तिला लागले. सांगलीच्या ज्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो बहुतांशी या थॉम्पसनचा आणि तिच्या लेकीबाळींचा. फारसी 'बेदाणा' आणि इंग्रजी 'सीडलेस' या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, हे तासगावच्या बेदाणा बाजारात सौदे करणाऱ्या किती जणांच्या ध्यानी आले असेल?

या लेकीबाळींची नावे मात्र आमच्या दृष्टीने या साऱ्या शोधाचे फळ ठरली. बागेत क्वचित एखाद्या वेलीच्या एका डोळ्यात आपोआप बदल घडतो. त्या फांदीचे मणी इतरांहून लांबट वा टपोरे येतात. प्रयोगशाळेत बसलेल्याला हे दिसत नाही. रोज मांडवाखाली वाकून चालणाऱ्याला दिसते. तासगाव तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून असाच निवडलेला वाण 'तास-ए-गणेश' म्हणून महाराष्ट्रभर पसरला. नाव ऐकताना फारसी समास वाटतो, अनाब-ए-शाहीच्या चालीवर. आम्हीही तसाच समजत होतो. पण नीट पाहिले, तर 'तास' तासगावची आहे, मधल्या 'ए' मध्ये आर्वे या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर वाचता येते, आणि तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधायला घेतलेले गणपतीचे मंदिर ज्याला ठाऊक आहे त्याला 'गणेश' समजावून सांगावा लागत नाही.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनच्याच बदललेल्या फांदीतून लांब मण्यांचा वाण निवडला. नाव ठेवले 'सोनाका'. सोन्यासारखा म्हणून सोनाका असेल, असे कुणालाही वाटेल. पण अक्षरे मोजा : सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळे यांचा का. जिल्हा, गाव आणि आडनाव तीन अक्षरांत. पत्ताच म्हणा ना! त्यांचे चिरंजीव दत्तात्रय नानासाहेब काळे यांनीही 'दनाका' नावात हीच रीत पाळली. त्याच काळे यांचा काळ्या द्राक्षाचा वाण 'शरद सीडलेस' हा 'किशमिश चोर्नी' या वाणातून निघाला. यातले 'किशमिश' फारसी, 'चोर्नी' हा काळा या अर्थाचा रशियन शब्द. समरकंदच्या बाजूची भाषा, मॉस्कोची भाषा आणि नान्नजची माती एका काडीत एकत्र आली. सोलापूरच्याच टी. आर. दाबाडे यांचा 'माणिक चमन' पाहा : संस्कृत माणिक्य आणि फारसी चमन, म्हणजे बाग, असा सुखाने नांदणारा संसार. मराठी भाषेचा इतिहास शिकवताना आम्ही मिश्र समासांची उदाहरणे ग्रंथांतून शोधून देतो. ती बाजार समितीच्या पाटीवर लिहिलेली होती.

या नावांत केवळ कौतुकाचा विषय नाही. हे वाण निघाले तेव्हा आपल्या देशात नव्या वाणावर हक्क सांगण्याचा कायदाच नव्हता. शेतकऱ्याने काडी दिली, शेजाऱ्याने लावली, त्याने आणखी दहांना दिली. वाण गावाबाहेर गेला की त्यावर निर्माणकर्त्याचे काहीच उरत नसे. उरत असे ते नाव. सोनाकातली तीन अक्षरे ही त्या अर्थाने सातबाऱ्यावरची नोंद आहे. पुढे २००१ मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. त्याने शेतकऱ्यालाही वाणाची नोंदणी करण्याचा अधिकार दिला, ही मोठीच गोष्ट. नोंदणीसाठी वाणाला स्वतंत्र नाव हवे; पण त्या नावात स्थलनाम पूर्णतः वा अंशतः असेल तर नोंदणी नाकारता येते, अशीही तरतूद त्यात आहे. फसवणूक होऊ नये म्हणून ती ठेवली असणार, आणि प्रामाणिक वापराला तिच्यात सवलतही आहे. तरीही 'तास-ए-गणेश' आज नोंदणीला आला असता तर त्या 'तास'विषयी प्रश्न विचारला गेला असता, हे विसरू नये.

स्थलनामाचे महत्त्व आम्हां परभणीकरांनी तरी सांगायला हवे. आमच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा 'परभणी क्रांती' हा वाण काढला. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देण्यासाठी भेंडीचा रानटी भावंडाशी संकर करून तो सिद्ध केला होता. देशभरच्या बियाण्यांच्या दुकानांत हे नाव पोचले. परभणी कुठे आहे हे ठाऊक नसलेला परप्रांतातला शेतकरीही भेंडी पेरताना आमच्या जिल्ह्याचे नाव घेतो. दक्षिण टायरोलमधल्या ट्रामिन या लहानशा गावाचे नाव ट्रामिनर द्राक्षाने असेच जगभर नेले.

आता रीसलिंगही महाराष्ट्रात आले आहे. नाशिकच्या 'सुला'ने त्याची वाइन काढली. आणि योगायोग असा, की त्या कंपनीचे नावही एका व्यक्तिनामाचा तुकडा आहे. संस्थापक राजीव सामंत यांनी ते आपल्या आई सुलभा यांच्यावरून घेतले. बाटलीवर आईच्या नावाची दोन मराठी अक्षरे आणि त्याखाली, ज्याचा अर्थ कुणालाच ठामपणे सांगता येत नाही असे, सहाशे वर्षांपूर्वीचे जर्मन नाव. सोनाका मात्र क्रेटमधून विकला जातो. त्याच्या नावाला बाटली नाही, चिठ्ठी नाही. फळविक्रेता 'सुपर सोनाका' म्हणून ओरडतो तेव्हा त्यात नान्नज ऐकू येत नाही. रीसलिंगची नोंद करणाऱ्या कारकुनाच्या काळी तरी ती वेल कुणी निवडली हे सांगणारा माणूस असेल. त्याला कुणी विचारले नाही. सोनाकाच्या बाबतीत विचारता येईल अशी माणसे आज आहेत. अशा वाणांच्या नावांची कारणे आत्ताच लिहून घेतली नाहीत, तर आणखी शंभर वर्षांनी आपलेही व्युत्पत्तिकार 'सोने' या शब्दावरून तर्क लढवत बसतील.

आम्ही विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. शब्दाचे चार तर्क सांगितले आणि खरा अर्थ ठरलेला नाही हेही सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, "म्हंजे आमच्या ताडकळससारखंच की सर. शब्द कळतो, कारण कळत नाही."

"ताडकळसचा शब्द तरी कळतो रे," आमच्यापैकी एकाने म्हटले. "इथं तोही नाही. बरं, तू सध्या कुठल्या बागेत आहेस?"

"सोनाकात."

मग त्याला ती तीन अक्षरे सोडवून सांगितली. मांडवाखाली सोबत काम करणाऱ्यांना तो ती मोठ्याने सांगत असल्याचे आम्हांला पलीकडून ऐकू आले. येत्या वर्षी व्युत्पत्तीचा पहिला तास आम्ही 'सोनाका'नेच सुरू करणार आहोत.